विंचूरच्या गॅरेजातलं सहा सिलिंडरचं इंजिन

तुम्ही कधी नाशिकहून येवल्याकडे एसटीनं गेला आहात का? निफाड मागे पडलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. मांडवांच्या अधूनमधून कांद्याच्या चाळी. मग एक गजबजलेला फाटा येतो. कांद्यानं भरलेले ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक, मध्येच एखादी बैलगाडी, चहाच्या टपऱ्या आणि हॉर्नच हॉर्न. हे विंचूर.

इतिहासाच्या पुस्तकात विंचूरकर हे नाव तुम्ही वाचलं असेल. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत असलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर ते याच गावाचे जहागीरदार. पुण्याच्या सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडाही याच घराण्याचा. पण आज आपण वाडा पाहायला आलेलो नाही. आपण चाललो आहोत एका गॅरेजात!

रस्त्यांचं गाव

विंचूर हे रस्त्यांचं गाव आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मोठा रस्ता गावातून जातो. डावीकडे वळलं, की थोड्याच अंतरावर लासलगाव, कांद्याची देशातली नामांकित बाजारपेठ. लासलगावच्या बाजार समितीचा उपबाजार विंचूरलाही भरतो. शिवाय थेट तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचं नावच मुळी ‘विंचूर-प्रकाशा’ असं आहे.

जिथं इतके रस्ते, तिथं ट्रक आलेच. आणि जिथं ट्रक, तिथं मिस्त्री आलेच! फाट्याच्या आसपास पाट्या वाचत चला. ‘टायर पंक्चर’, ‘कमानपाटे’, ‘ऑटो इलेक्ट्रिक’, ‘रेडिएटर दुरुस्ती’, ‘डिझेल पंप व नोझल’. एकेका दुकानात ट्रकचा एकेक अवयव दुरुस्त होतो. जणू ट्रकांचं इस्पितळच.

यातल्याच एका गॅरेजात, पत्र्याच्या छपराखाली, साखळीच्या पुलीला एक भलंमोठं इंजिन टांगलेलं होतं. काळं, चिकट, मातीनं माखलेलं. ते कोणत्या रंगाचं आहे हेही कळत नव्हतं. शेजारी दोन मुलं उभी होती. एक नववीतला, एक सातवीतला. दोघे मिस्त्रींचे भाचे, सुट्टीत मामाकडे आलेले.

हे इंजिन कुणाचं? तर गावातल्याच एका आजोबांचं. त्यांनी कित्येक वर्षं स्वतःच्या ट्रकनं कांदा वाशीच्या मार्केटला नेला. ट्रकचं आयुष्य संपलं, सांगाडा भंगारात गेला. इंजिन मात्र त्यांनी ठेवून घेतलं होतं. जवळच्या एका शाळेला मुलांना शिकवण्यासाठी चालतं इंजिन हवं होतं. आजोबांनी सांगितलं, “चाललं तर शाळेला असंच देऊन टाकतो. नाही चाललं, तर सोमवारी भंगारवाला येतोय, त्याच्या काट्यावर घाला.”

म्हणजे हातात होते सहा दिवस. भंगारवाल्यासाठी ते चारशेहून जास्त किलो लोखंड होतं आणि मुलांसाठी? ते अजून ठरायचं होतं.

६९७ म्हणजे काय?

मिस्त्रींनी आधी पान्याला हात लावलाच नाही. ओल्या चिंधीनं एका जागची माती पुसली आणि भाच्यांना विचारलं, “हे इंजिन सहाशे सत्त्याण्णव आहे. का म्हणतात सांगा बरं?”

सांगता येईल तुम्हाला? हा टाटाचा इंजिनाचा क्रमांक. ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर! त्याआधीचं इंजिन होतं ६९२, त्याचा व्यास ९२ मिलिमीटर. नावातच माप. किती सोपं!

आता वही काढा. सिलिंडरचा व्यास ९.७ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ४.८५. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरून खाली १२.८ सेंटिमीटर सरकतो. वृत्तचितीचं घनफळ काढायचं सूत्र तुम्हाला येतंच. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. उत्तर येतं साधारण ९४६ घनसेंटिमीटर. त्याला सहानं गुणा. ५,६७५ च्या आसपास आलं ना? या इंजिनाचं माप पुस्तकात तेवढंच छापलेलं आहे, ५,६७५ सीसी. म्हणजे पावणेसहा लिटरला थोडं कमी. मोटारसायकलचं १०० सीसीचं इंजिन आठवा आणि तुलना करा!

या इंजिनाचं घराणं जर्मनीतलं. १९४५ मध्ये रेल्वेची इंजिनं बांधण्यासाठी टेल्को ही कंपनी स्थापन झाली. १९५४ मध्ये तिनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि टाटाचं चिन्ह आलं. पण इंजिनाची ती सहा सिलिंडरची सरळ रांग पुढे कित्येक वर्षं राहिली. २००३ मध्ये टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं.

आधी कागद, मग पाना

धाकटा भाचा घाईला आला होता. तो पाना घेऊन निघाला, तसा मिस्त्रींनी त्याला थांबवलं.

“अरे, उघडायला अक्कल लागत नाही. परत जोडायला लागते. आधी चित्र काढ.”

मग मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले गेले. शिवाय एका जुन्या पुठ्ठ्यावर थोरल्यानं इंजिनाची बाह्याकृती काढली. जो नट जिथून निघेल, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोचायचा. प्रत्येक नळीला आणि वायरीला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर आकडा. एवढं करण्यातच पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी धुलाई. पण पाणी मारण्याआधी एक महत्त्वाचं काम असतं. जिथून हवा आत जाते, धूर बाहेर पडतो, डिझेल येतं, ती सगळी तोंडं झाकायची. नाहीतर बाहेरची घाण धुताना आतच ढकलली जायची! तोंडांवर टोपणं बसली, प्लॅस्टिक बांधलं गेलं. तळाच्या चेंबरमधलं जुनं ऑइल एका पिंपात काढून घेतलं.

हे ऑइल कुठं जातं? पुष्कळ ठिकाणी ते धूळ बसावी म्हणून रस्त्यावर ओततात किंवा सरळ ओढ्यात सोडतात. या गॅरेजच्या मागे विहीर आहे. मिस्त्री म्हणाले, “जमिनीत ओतलं, की ते उद्या आपल्याच तांब्यात येणार.” म्हणून पिंप झाकून ठेवायचं आणि जुनं ऑइल शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यायचं.

मग सुरू झाली घासाघीस. आधी लाकडी पट्टीनं मातीचे थर खरवडले. मग ब्रश आणि डिझेल. मग साबणसोड्याचं पाणी. शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारून सगळं कोरडं केलं. डिझेलच्या पंपावर मात्र पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही, तो चिंधीनं हलक्या हातानं पुसायचा. त्याच्या आतले भाग इतके नेमके बसवलेले असतात, की धुळीचा कणही त्यांना चालत नाही.

बरं का, ट्रकांच्या अशा इंजिनांचे डिझेल पंप आणि नोझल प्रामुख्यानं मायको कंपनीचे असत. नाशिकला गेलात, तर ‘मायको सर्कल’ नावाचा चौक लागतो, तो त्याच मायकोचा. नाशिकच्या सातपूरला तिचा नोझलचा कारखाना. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, चौकाचं नाव मात्र लोकांच्या तोंडी तेच राहिलं!

धुतल्यावर काय दिसलं?

साफसफाई म्हणजे नुसतं चकचकीत करणं नव्हे. साफसफाई म्हणजे तपासणी. माती होती तोवर सगळं सारखंच काळं दिसत होतं. माती गेली आणि इंजिन बोलायला लागलं.

पुढच्या बाजूला पाण्याचा पंप असतो. मिस्त्री लोक त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. त्याच्या पोटाशी एम-सीलचा एक कडक गोळा चिकटवलेला दिसला. धाकट्याला वाटलं, फुटलेलं बुजवलं असेल. पण मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. तिथं मुळात एक बारीक भोक असतं, मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील खराब झालं, की पाणी या भोकातून ठिबकतं आणि चालकाला कळतं, की पंप उघडायची वेळ झाली. कुणीतरी भोक बुजवून ठिबकणं बंद केलं होतं! मग पाणी गेलं आत, बेअरिंगमध्ये. बेअरिंग गंजून खडखडत होतं. म्हणजे घरात चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचंच तोंड बांधायचं, तसला हा प्रकार.

हेड काढलं. पाण्याच्या वाटा पांढऱ्या क्षारांनी निम्म्या बुजलेल्या होत्या. विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं, की घरातल्या पाणी तापवायच्या भांड्यात जसा थर जमतो, तसाच इंजिनातही जमतो. मग पाणी फिरत नाही, उष्णता बाहेर पडत नाही आणि हेडला तडा जाण्याची भीती असते.

तडा! सगळ्यांच्या मनात तीच शंका होती. हेडला तडा असता, तर आजोबांचं इंजिन भंगारातच गेलं असतं. नवं हेड घ्यायला पैसे कोण देणार?

मिस्त्रींनी खडू आणायला सांगितला. हो, फळ्यावरचा खडू! आधी हेडच्या स्वच्छ पृष्ठभागावर पातळ ऑइल लावलं, थोडा वेळ ठेवलं आणि कोरडं पुसून घेतलं. मग त्यावर खडूची पूड भुरभुरवली. तडा असेल तर त्यात शिरलेलं ऑइल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. दोन्ही भाचे नाक लावून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पूड पांढरीच राहिली. रेघ नाही! इंजिन परीक्षेचा पहिला पेपर पास झालं होतं.

काय काढायचं, काय ठेवायचं?

आता आलं खरं डोकं लावायचं काम. ट्रकमध्ये असताना इंजिनाला कितीतरी कामं असतात. ब्रेकसाठी हवा भरायची, दिवे लावायचे, उतारावर धूर अडवून वेग कमी करायचा. शाळेच्या चौकटीवर बसल्यावर यातलं काय लागणार?

मुलांनी पुठ्ठ्यावर दोन रकाने आखले. ‘काढा’ आणि ‘ठेवा’.

हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर: काढा. चौकटीला ब्रेक कशाला? पण त्याला जाणारी ऑइलची बारीक नळी नीट बंद करायला हवी, नाहीतर तिथून ऑइल उडेल. उतारावरची धुराची झडप: काढा. जुन्या वायरींचा गुंता: काढा. वीसेक वर्षांत कुणी कुणी जोडलेल्या, तोडलेल्या, पुन्हा पिळलेल्या वायरी होत्या त्या. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे सुरू झाल्यावर चालत राहायला त्याला विजेची गरजच नसते. सेल्फची जाड वायर, बॅटरी भरण्यापुरती जोडणी आणि दोन मीटर, एक ऑइलच्या दाबाचा, एक पाण्याच्या उष्णतेचा, एवढं पुरे.

काढलेल्या गोष्टींचा ढीग वाढू लागला आणि इंजिन कसं सुटसुटीत दिसू लागलं. धाकट्याला चेवच चढला. “मामा, हा थर्मोस्टॅट पण काढू?”

शेजारी चहा पीत बसलेले एक ड्रायव्हरकाका म्हणाले, “काढ की. गाडी गरम होते त्यानं. आम्ही सगळ्यात आधी तेच फेकतो.”

मिस्त्रींनी मान हलवली. “काका, तुम्ही म्हणता ते मी लई गाड्यांत पाहिलंय. पण गाडी त्यानं गरम होत नाही हो. क्षार साठल्यामुळे होते.”

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी. इंजिन थंड असतं, तेव्हा तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पाणी साधारण ८० अंशांजवळ पोचलं, की आपोआप वाट उघडतो. तो काढला, तर इंजिन थंडच धावत राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, धूर होतो, डिझेल जास्त लागतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. जो निष्पाप, त्यालाच फाशी, असं झालं हे! थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून पाहिला. पाणी तापलं, तसा तो डोळा उघडावा तसा उघडला. ठेवा!

हवेचा फिल्टर: ठेवा. कांदा-बाजाराच्या धुळीत तर हवाच. ऑइलचा फिल्टर: ठेवा. आणि ‘ठेवा’च्या खाली मिस्त्रींनी तिसरा रकाना आखला, ‘जोडा’. पंख्याला आणि पट्ट्याला लोखंडी जाळी, कारण मुलं जवळ उभी राहणार. हवा घेण्याच्या तोंडावर एक झडप. डिझेल इंजिन कधी बेफाम सुटलं, तर वायर काढून थांबत नाही, त्याचं डिझेल किंवा हवा तोडावी लागते. म्हणजे बघा, सोपं करायला बसलो होतो आणि दोन वस्तू वाढल्या! पण त्याही सोपेपणासाठीच.

जाता जाता आणखी एक गोष्ट. हे काढा-ठेवा शाळेच्या चौकटीवरच्या जुन्या इंजिनासाठी आहे. रस्त्यावर धावणाऱ्या आजच्या गाड्यांना ते लागू नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ चे नियम आहेत. त्यांच्या धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणा काढून टाकणं म्हणजे सोपं करणं नव्हे, आपला धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात घालणं आहे.

१-५-३-६-२-४

नवी वॉटर बॉडी बसली. हेडखाली नवं गॅस्केट आलं. हेडचे बोल्ट आवळायचीही रीत असते. मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, तेही एकदम नाही, दोन-तीन खेपांत, मापाच्या पान्यानं. पोळी मधून कडेकडे लाटतात, तसं. मग हेड सपाट बसतं. व्हॉल्व्हची फट फिलर गेजनं मोजली. मिलिमीटरचे फक्त दोन-तीन दशांश!

थोरल्याला सगळ्यात आवडला तो एक मंत्र. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. सहा सिलिंडर एका रांगेत असले, तरी ते १, २, ३ असे क्रमानं पेटत नाहीत. तसं झालं, तर लांबलचक क्रँक एका टोकाकडून पिळला जाईल. म्हणून एक डावीकडचा, एक उजवीकडचा, असा आळीपाळीनं धक्का.

आणि गंमत अशी, की १ आणि ६ जोडीनं वर-खाली होतात, २ आणि ५ जोडीनं, ३ आणि ४ जोडीनं. एक जोडी वर पोचते, तेव्हा बाकीच्या दोन जोड्या तिचा तोल सावरतात. कवायतीत सगळे एकदम उडी मारतील, तर जमीन हादरेल. पण तीन जोड्यांनी ठरवून आळीपाळीनं मारली तर? सरळ रांगेतली सहा सिलिंडर म्हणूनच इतकी गुळगुळीत चालतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत सहा स्फोट. मिनिटाला ६०० फेरे धरले, तर सेकंदाला ३० स्फोट!

ठिणगी नसताना हे पेटतं कसं? रुडॉल्फ डीझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवलेली ही युक्ती. नुसती हवा इतकी जोरानं दाबायची, की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जावं. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. सायकलचा पंप जोरात मारला, की त्याचं टोक गरम लागतं ना? तेच हे, फक्त फार मोठ्या प्रमाणात.

रविवारची दुपार

रविवारी इंजिन छपरातून मोकळ्यावर आणलं, कारण धूर कोंडायला नको. आता ते हिरवट-करडं दिसत होतं. आजोबा खुर्चीवर येऊन बसले होते.

आधी डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायची. पंपाचा छोटा हातदांडा थोरल्यानं दाबत राहायचा. मोकळ्या केलेल्या स्क्रूपाशी आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. हवेचा एक बुडबुडाही राहिला, तर इंजिन सुरू होत नाही. नोझलच्या नळीजवळ मात्र मिस्त्रींनी मुलांना फिरकू दिलं नाही. तो फवारा इतका जोरकस असतो, की कातडीतून आत शिरतो.

मग स्टॉपची दोरी ओढून धरली आणि सेल्फ मारला. म्हणजे इंजिन फिरेल, पण पेटणार नाही. आत ऑइल पोचायला हवं ना! मीटरचा काटा हलला. मिस्त्रींनी दोरी सोडली.

सेल्फ पुन्हा मारला. घर्र... घर्र... काही नाही. एका नळीचा नट ढिला करून पुन्हा हवा काढली. आजोबा काहीच बोलत नव्हते. तिसऱ्यांदा सेल्फ मारला. एक सिलिंडर खोकलं, मग दुसरं, पांढऱ्या धुराचा लोट आला आणि धडधडत साही सिलिंडर एका सुरात आली!

धाकट्यानं पाण्यानं अर्धा भरलेला पेला हेडच्या झाकणावर ठेवला. पाण्यावर गोल गोल लहरी उठल्या, थेंब मात्र सांडला नाही. पाण्याचा काटा हळूहळू वर चढला, ठरल्या जागी आला आणि थांबला. ड्रायव्हरकाका काट्याकडे पाहत राहिले. पहारेकरी आपलं काम करत होता.

आजोबा उठले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि मिस्त्रींना म्हणाले, “भंगारवाल्याला फोन कर. म्हणावं, येऊ नको.”

आता ते इंजिन शाळेत आहे. त्याच्या शेजारी भिंतीवर तो तेलकट पुठ्ठाही टांगलेला आहे, ‘काढा, ठेवा, जोडा’ असे तीन रकाने असलेला. तुमच्या घरी एखादी जुनी सायकल, पंखा किंवा शिवणयंत्र पडून असेल, तर घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, विजेची वस्तू असेल तर तिचा प्लग आधी काढून, असाच एक पुठ्ठा तुम्हीही आखून पाहा. आणि हो, कुठलंही भोक बुजवण्याआधी ते तिथं कशासाठी ठेवलंय, हे मात्र विचारून घ्या!